कडू पावडर

बारामतीतल्या एका दूध पावडरच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. शहाण्णव सालापर्यंत दोन वर्षं मी एकच काम केलं. दुधातलं प्रथिन इतकं बारीक तोडायचं, की बाळाच्या अंगाला ते परकं वाटू नये. कारण घरातच होतं. थोरल्या छकुलीला दुधाचा थेंब लागला तरी अंगभर गांधी उठायच्या. धाकट्या यशराजच्या वेळी बायकोला, दिपालीला, दूधच आलं नाही. डॉक्टरांना विचारून त्याला पहिल्या दिवसापासून माझी पावडर सुरू केली, आणि डबे देऊन दोघा मायलेकांना गावी, वरकुट्याला माझ्या आईकडे ठेवलं.

तिसऱ्या महिन्यात यशराज सुजला, निळा पडला. तो कसाबसा वाचला. पावडर वाचली नाही. अहवालात मीच ‘अयशस्वी’ लिहिलं. साहेबांनी काम बंद केलं, उरलेली पोती उकिरड्यावर गेली.

महिन्याभरानं रिकामे डबे आणायला गेलो, तेव्हा आई पदराला हात पुसत म्हणाली, “येक सांगू का? लई कडू व्हतं रं ते. दर बाटलीत मी चमचाभर शेळीचं दूध घालत व्हते.”

मी भडकलो; शेळीच्या दुधातलं प्रथिनही जवळपास गाईच्यासारखंच असतं. “दुधाचा थेंब नको म्हणून बजावलं होतं ना तुला?”

“गाई-म्हशीचं न्हाय घातलं. शेळीचं तर औषध असतंय. आन् लेकराच्या तोंडात घालायच्या आधी आपण चाखून बघावं. तू बघितलं व्हतंस का?”

दोन वर्षांत मी ती पावडर एकदाही जिभेवर ठेवली नव्हती.