मास्तरांचे सत्तावन्न

तळहातावर पाचवा फोक बसला तेव्हा माझ्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं. ओसरीवर मल्लप्पा मास्तरांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हात थांबवला. मला वाटलं, नातवाचं रडणं ऐकून थांबले असतील. पण अण्णांना दम लागला होता, एवढंच. समोर उभ्या मायाप्पानं उजवा हात खाली घेतला, धोतराला पुसला, डावा पुढे केला आणि म्हणाला, "मास्तर, अजून दोन राहिल्यात."

अण्णांनी दोन मारले. मग दोघंही खाली बसले आणि गणित पुढे सुरू झालं, जणू मधे कोणी पाणी प्यायला उठलं होतं.

आमच्या घरात हे असंच होतं. अण्णा विणकरांच्या पेठेतल्या एका लहानशा हायस्कुलात गणित शिकवत. शाळेच्या आधी, गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की मॅट्रिकची चार-पाच मुलं घरी येत. त्याबद्दल अण्णा कुणाकडून काही घेत नसत. नियम मात्र एक होता. चूक झाली असं कळलं की बोलावण्याची वाट बघायची नाही. आपण उठायचं, जवळ यायचं, हात पुढे करायचा, आणि किती ते आपणच मोजायचं. ज्याला स्वतःची चूक मोजता येत नाही त्याला गणित काय येणार, असं त्यांचं म्हणणं. मुलं इतकी सरावली होती की अण्णा पाठमोरे असले तरी मागे कुणाचा ना कुणाचा हात पुढे झालेला असे.

मलाही त्यांनीच ह्या ओसरीवर त्रैराशिक शिकवलं. माझ्या हाताला फोक कधी लागला नाही. आठ वर्षांची असताना एकदा मीच उठून हात पुढे केला, तर हसून म्हणाले, "तू कशाला गं, शरणे? तुला कुठं परीक्षेला बसायचंय?" मी न्हाणीत जाऊन रडले होते. मार मिळाला नाही म्हणून.

आता बाळंतपणाला माहेरी आले होते आणि बाळाला तिसरा महिना चालू होता. अण्णांनी अजून नातवाला घेतलं नव्हतं. लांबून बघत, आणि माझी नजर गेली की पुस्तकात डोकं घालत.

निरगुडीचे ते फोक मायाप्पाचा बापच आणून देई. बिरप्पा, सांगोल्याकडचा धनगर. पोरगा शिकावा म्हणून त्यानं त्याला गिरणीच्या चाळीत आपल्या बहिणीकडे, गोजाबाईकडे ठेवला होता. मेंढरं घेऊन ह्या बाजूला आला की आमच्या दारात घोंगडं टाकून बसे आणि फोकांची जुडी अण्णांच्या पुढ्यात ठेवी. "लई चिवट हायती, मास्तर. वड्याच्या कडंची. मोडायची न्हाईत." मग पोराचा तळहात ओढून घेई, मेंढराचा खूर दाबून बघावा तसा सुजलेला मऊ भाग अंगठ्यानं दाबून बघे, आणि समाधानानं मान हलवी. मायाप्पा दुसरीकडे बघत राही. अण्णा ती जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या कडेला उभी करून ठेवत, वाळू नये म्हणून.

त्या साली मॅट्रिकआधीच्या टेस्ट परीक्षेत मायाप्पा वर्गात पहिला आला. गणितात सत्तावन्न. अण्णांच्या हातून साठाच्या वर मार्क गेलेले कुणी पाहिले नव्हते. उत्तर बरोबर, पण एक पायरी गाळली तर अर्धे गेले. अक्षर गिचमिड, दोन गेले. मुलं त्यांना मागून 'काटेवाले' म्हणत, हे त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

हे सत्तावन्नच अंगाशी आले. गावातल्या एका कापूस-व्यापाऱ्यानं मरताना निधी ठेवला होता. त्यातून दर साल सोलापुरातल्या एका मुलाला पुण्याच्या कॉलेजात चार वर्षं राहायला, शिकायला मिळे. एकच मुलगा. मॅट्रिकचा निकाल यायच्या आधी नाव कळवावं लागे, म्हणून निधीचे पंच सगळ्या शाळांकडून टेस्टचे मार्क मागवून घेत आणि ज्याचे जास्त त्याला पाठवत. स्टेशनकडच्या शाळेत जो पहिला आला होता त्याला गणितात शहाऐंशी होते.

आमच्या शाळेचे हेडमास्तर घरी आले. बराच वेळ गोड बोलून शेवटी म्हणाले की तिकडचे ऐंशी म्हणजे तुमचे पन्नास, सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा तीस वाढवून द्या, यादी उद्या जायची आहे.

"मग त्यांनी पन्नास लिहावेत," अण्णा म्हणाले.

हेडमास्तर गेल्यावर अव्वानं, माझ्या आईनं, भांडी आदळली. पोराच्या जन्माचा प्रश्न आहे, तीस मार्कांनी तुमच्या बापाचं काय जातंय, असं ती अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बोलत राहिली. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मी बाळाला घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि तेच हळूच विचारलं. ते म्हणाले, "मी वाढवले तर ते माझे मार्क होतील, शरणे. माझ्या मार्कांवर तो तिथं किती दिवस बसंल?"

दुसऱ्या दिवशी उपरणं खांद्यावर टाकून ते ईश्वरप्पांकडे गेले. ईश्वरप्पा पंचांत मुख्य. आडतीच्या दुकानात जन्म गेलेला माणूस. अण्णांनी त्यांना सांगितलं की तुम्ही एक पोतं एका तराजूत तोललंय आणि दुसरं दुसऱ्याच्या तराजूत. दोन्ही एकाच काट्यावर घाला. दोघांना एका खोलीत बसवा, एक पेपर द्या. ईश्वरप्पांना हे बोलणं पटलं. आजवर हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, असंही ते म्हणाले.

अण्णा घरी आले ते उड्या मारतच म्हणायला हरकत नाही. पुढचे पंधरा दिवस ओसरीवर जे चाललं ते मी कानात बोटं घालून ऐकलं. मायाप्पा पहाटेच येई. एका चुकीला एक फोक होता, आता दोन झाले. तळहाताला भेगा पडून रक्त आलं तेव्हा अव्वानं हळद-तेल लावलं आणि अण्णांना तोंडावर 'कसाई' म्हणाली. मायाप्पाच तिला म्हणाला, "असू द्या अव्वा. आता तितकं लागत न्हाय."

चैत्रातल्या एका सकाळी अण्णा त्याला घेऊन पंचांच्या कचेरीत गेले. परत आले ते एकटे. उपरणं खुंटीला लावलं, आमच्याकडे पाठ करून बसले आणि भिंतीला सांगावं तसं सगळं सांगितलं.

पेपरात सात गणितं होती. मायाप्पाची सहा बरोबर आली, स्टेशनकडच्या मुलाची चार. खिडकीबाहेर उभ्या अण्णांना ते कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पंचांनी दोघांना समोर बसवून तोंडी विचारायला सुरुवात केली. त्या मुलाचं एक उत्तर चुकलं. तो हसून म्हणाला, माफ करा, पुन्हा एकदा बघतो. मायाप्पानं चार बरोबर सांगितली. पाचव्याला उत्तर तोंडातून गेलं आणि त्याच क्षणी चुकलं हे त्याला कळलं.

तो उठला. टेबलाला वळसा घालून मधल्या पंचांपुढे गेला, डोळे मिटले आणि हात पुढे केला. म्हणाला, "दोन."

आधी कुणाला काही कळेना. मग एक जण हसला आणि सगळेच हसले. त्या हाताकडे बघितल्यावर हसणं थांबलं. मायाप्पा तसाच उभा. शेवटी तो स्टेशनकडचा मुलगाच उठला, त्यानं मायाप्पाचा हात धरून हळूच खाली केला आणि त्याला जागेवर नेऊन बसवलं. पंचांना त्याचं हे वागणं फार आवडलं. मायाप्पा हुशार आहे, पण मारानं दबलेलं पोर, कॉलेजात चार लोकांत टिकायचं नाही, असं त्यांचं एकमत झालं. ईश्वरप्पांनी अण्णांना बाहेर येऊन सांगितलं, "मास्तर, काटा एकच होता. तुमीच बघितलं की."

तिसऱ्या दिवशी बिरप्पा आला. शाळांना सुट्टी लागलेली, ओसरीवर कोणी नव्हतं. मी आतल्या दारात बाळाला पाजत बसले होते. बिरप्पानं घोंगडं टाकलं नाही. काठी घेऊन सरळ पायरी चढला.

"पोरगं तीन दिस बोललं न्हाय," तो म्हणाला. "आज बोललं. मास्तर, परक्याम्होरं हात कराया तुमी शिकीवलं व्हय त्याला?"

"व्हय. मीच."

"मग करा हात पुढं."

अण्णा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील, शेजाऱ्यांना हाक मारतील. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि उजवा हात पुढे धरला.

"किती?" बिरप्पानं विचारलं.

अण्णांनी क्षणभर विचार केला. "चार वर्षं माझ्याकडं आहे तो. चार."

मेंढरं वळायची बाभळीची काठी ती. पहिल्या फटक्याला अण्णांचा हात गुडघ्यापर्यंत खाली गेला. त्यांनी तो पुन्हा वर आणला. "एक." दुसऱ्याला बोटांची सालटी निघाली. "दोन." बाळानं स्तन सोडला होता आणि ते छताकडे बघत होतं. तिसरा मनगटावर बसला आणि वाळका कडबा मोडावा तसा आवाज झाला. हात लोंबकळला. अण्णा पांढरे पडले. त्यांनी डाव्या हातानं तो उजवा खालून उचलून धरला आणि म्हणाले, "तीन."

चौथा बसायच्या आत अव्वा मागच्या दारानं मुसळ घेऊन आली आणि तिनं ते बिरप्पाच्या खांद्यावर घातलं. दुसरा घाव कानावर बसला, पागोटं उडालं, मानेवरून रक्त ओघळलं. बिरप्पानं अंग चोरलं नाही. तिसऱ्यांदा मुसळ वर गेलं तेव्हा अण्णा कानडीत कण्हले, "बिडु, कमला. बिडु." सोड, सोड. अव्वा मुसळ टाकून मटकन खाली बसली.

बिरप्पाचं लक्ष माठाकडे गेलं. ओलं फडकं फेकून त्यानं फोकांची जुडी उचलली आणि गुडघ्यावर घेऊन मोडायला लागला. मोडेना. एकेक काढून मोडायला गेला तर एकेक नुसता वाकायचा आणि सरळ व्हायचा. तो वाकवत होता, शिव्या देत होता, कुणाला ते कळत नव्हतं, आणि कानातलं रक्त दाढीवरून त्या फोकांवर टपटपत होतं. शेवटी त्यानं ती जुडी काखेला मारली, पागोटं उचललं आणि निघून गेला.

शेजारी पोलिसात जा म्हणाले. अण्णांनी पायरीवरून पडलो असं सांगितलं. हाडवैदानं कामट्या बांधल्या, पण मनगट वाकडंच बसलं. बोटं मिटत नव्हती.

ज्येष्ठात मॅट्रिकचा निकाल आला. गणितात मायाप्पाला त्र्याऐंशी, त्या मुलाला एकसष्ट. अण्णांनी कुणीतरी चिठ्ठीवर लिहून आणलेले आकडे वाचले, चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. तो मुलगा एव्हाना पुण्याला सामान घेऊन गेला होता.

दोन दिवसांनी मायाप्पा आला. ओसरीच्या कडेला, नेहमीच्या जागी बसला. अण्णांच्या हाताकडे त्यानं एकदाच बघितलं.

"गिरणीत लागलो, मास्तर. सूतखात्यात. सोमवारपासनं."

"हं."

अण्णांनी डाव्या हातानं चष्म्याची डबी पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "तुझा टेस्टचा पेपर मी परत तपासला रे. तीनदा. सत्तावन्नच होतात."

"व्हय," मायाप्पा म्हणाला. "बरुबर हाय त्ये. दोन पायऱ्या गाळल्या हुत्या मी."

आत दूध उतू जायला लागलं. अव्वा आडावर गेली होती. मी घाईघाईत बाळाला उचललं, ओसरीवर येऊन मायाप्पाच्या पुढ्यात धरलं आणि म्हटलं, घे रे जरा. तो गांगरला. दोन्ही तळहात जुळवून त्यानं पुढे केले आणि मी त्यांवर बाळ ठेवून आत पळाले. चुलीवरचं दूध उतरवलं, राख पुसली. बाहेर सगळं शांत होतं. बाळही रडत नव्हतं.

थोड्या वेळानं त्यानं हाक मारली.

"ताई, बाळ वलं झालंय का वो? जरा बघता? माज्या हाताला कळत न्हाय."

मी बाहेर आले. दुपटं पार भिजलेलं होतं. त्याच्या कोपरापर्यंत ओघळ आले होते, खाली फरशीवर थेंब पडत होते. बाळ त्याच्याकडे बघून हुंकार देत होतं आणि त्यानं ते दोन्ही हात, न हलवता, तसेच पुढे धरले होते.

मी हात पुढे करायच्या आत अण्णा उठले. दोरीवरचं कोरडं दुपटं त्यांनी डाव्या हातानं ओढून घेतलं. एका हातानं ते उलगडेना. मग एक टोक त्यांनी दातांत धरलं आणि मायाप्पासमोर गुडघे टेकून ते उलगडायला लागले.