एका वायरीवर दोन धनी

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, नाव ऐकून मी कोणीतरी मोठी असेन असं समजू नका. चपट्या जेवणाच्या डब्याएवढा माझा आकार आणि अर्धा किलो वजन. माझ्या पोटात दोन चकचकीत थाळ्या आहेत आणि त्यांच्यावरून फिरणारी एक बारीक सुई आहे. संगणकात तुम्ही जे काही लिहिता, ते विसरू नये म्हणून माझ्यासारखी एखादी पोटात ठेवून बसते. पोटात ठेवणं हेच माझं काम, आणि ते मी वीस वर्षं इमानाने केलं. माझ्यावर आळ घ्यायला जागा नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं आणि पोटात धुळीचा कण जाऊ नये म्हणून जन्मतःच कायमचं बंद करून टाकलं, एवढं आठवतं. तेव्हापासून मी आतून एकटीच आहे.

दोन हजार तीन साली मी हैदराबादेत आले. सुलतान बाजारातल्या एका बोळात मुनीरभाईंचं दुकान होतं. तिथे मला एका संगणकात बसवलं गेलं आणि एका जोडप्याने तो संगणक घेतला. ऑटोत बसल्यावर बाईंनी माझं खोकं मांडीवर घेतलं आणि चिक्कडपल्लीतल्या घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्या पंचफुलाबाई, आणि शेजारी घाम पुसत बसलेले ते देवराव. देवराव पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. बाई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या.

देवराव माझ्याकडे फारसे फिरकायचे नाहीत. मी खरी बाईंची. दर रविवारी विहारात वंदना झाली की त्या म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसत. नांदेड-परभणीकडून पन्नास वर्षांपूर्वी मजुरीला आलेल्या त्या बायका. त्यांच्या ओठांवर जात्यावरची गाणी, खुरपणीची गाणी, बाबासाहेबांची गाणी होती. बाई ती वहीत उतरवून घेत आणि घरी येऊन दोन बोटांनी टाइप करत. कुठल्याशा ओळखीच्या माणसाकडून त्यांनी एक मराठी फॉन्ट आणला होता, म्हणजे अक्षरांचा साचा. एक वेलांटी सापडायला पाच मिनिटं लागत. पण बाईंनी हार मानली नाही. सतरा वर्षांत दोनशे चौदा गाणी माझ्या पोटात आली. एखादं गाणं पुरं झालं की त्या संगणकावर थाप मारून म्हणत, "सांभाळ गं बाई." आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच, पण ते मला पुरत होतं.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. देवरावांनी संगणकावर त्यांची एक जुनी सुती साडी घडी करून घातली. त्यानंतर चार वर्षं मला कोणी हाक मारली नाही. मित्रांनो, हार्ड डिस्कला फिरायची सवय असते. थांबलेल्या हार्ड डिस्कला दिवस मोजता येत नाहीत, फक्त अंधार कळतो. देवराव बाहेरच्या खोलीत एकटेच जेवत. ताट एक, भांडं एक. घरात आम्ही दोघं होतो आणि दोघंही गप्प होतो.

गेल्या वर्षी विहारातल्या बायकांनी गाण्यांचं पुस्तक छापायचं ठरवलं. म्हाताऱ्यांपैकी आता कोणी उरली नव्हती. देवरावांनी माळ्यावरून बाईंच्या वह्या काढल्या, तर वाळवीने त्यांचा भुगा करून ठेवलेला. ते भुग्यात हात घालून बराच वेळ बसले. मग उठून आले आणि त्यांनी माझ्यावरची साडी काढली.

बटण दाबलं. मी जीव तोडून फिरायला लागले, पण सुई अडखळली. टक्, टक्, टक्. माझं वय झालं होतं. संगणक सुरू होता होता मध्येच बंद पडला.

देवराव मुनीरभाईंकडे गेले. तेही आता म्हातारे झालेले, पण दुकान त्याच बोळात. ते घरी आले, त्यांनी माझ्या पोटाला कान लावला आणि मान हलवली.

"साब, ये ज्यादा दिन की मेहमान नहीं. मेरे पास वैसीच एक डिस्क पडी है, तुम्हारे कंप्यूटर कू वोइच चलती. उसमें कंप्यूटर चलाने का सब डाल को देतूं. दोनों एकीच वायर पो लगा देव, फिर पुरानी का माल नयी में उतार लेव. नयी कू मास्टर रखो, पुरानी कू स्लेव्ह बनाओ. ये टोपी इधर से उधर, बस."

ही टोपी म्हणजे काय ते सांगते. माझ्या पाठीला बारीक पिना आहेत आणि त्यांच्यावर मुगाएवढी एक टोपी बसवलेली असते. एका वायरीवर दोन डिस्क आल्या तर पहिली कोण आणि दुसरी कोण, हे संगणकाला त्या टोपीच्या जागेवरून कळतं. आमच्या काळच्या इंजिनिअर लोकांनी त्या जागांना नावं दिली होती मास्टर आणि स्लेव्ह, म्हणजे धनी आणि गुलाम. माझ्या अंगावरच्या कागदावर तसं छापलेलंच आहे. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. मी एकटीच होते, म्हणून माझी टोपी पहिल्यापासून धन्याच्या जागी होती.

मुनीरभाई नवी डिस्क ठेवून गेले. देवरावांनी चष्मा लावला, मला बाहेर काढून हातात घेतलं आणि तो कागद वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला. मग टोपी हलवायला घेतलेला चिमटा खाली ठेवला.

त्यांच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात गावच्या धन्याची वेठ केली होती. वडील रातोरात गाव सोडून हैदराबादेत आले ते त्याच कारणाने. ते देवराव बायकोचं सगळं काम पोटात ठेवणाऱ्या वस्तूवर गुलामाची खूण कशी करतील?

त्यांनी माझ्या टोपीला हात लावला नाही. नव्या डिस्कची टोपीही धन्याच्याच जागी होती. आम्हा दोघींना एकाच वायरीवर जोडून त्यांनी बटण दाबलं.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. पडद्यावर आलं, डिस्क सापडत नाही. दोघीही सापडेनात. देवरावांनी वायर काढून परत घातली. पुन्हा तेच. संगणकाच्या आतली छोटी बॅटरी संपली होती, त्यामुळे दर वेळी पडद्यावर वीस वर्षांपूर्वीची तारीख यायची. त्या तारखेत पंचफुलाबाई शेजारी बसून चहा पीत होत्या. देवराव त्या तारखेकडे जरा वेळ बघत आणि मग ती दुरुस्त करत.

असं तीन दिवस चाललं. दर वेळी मी फिरत होते, टक् टक् करत होते आणि माझं उरलंसुरलं आयुष्य संपत होतं. खरं सांगते, मी मनात त्यांच्यावर चिडले. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण आधी गाणी उतरवून घ्या, असं ओरडावंसं वाटत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

रविवारी त्यांची लेक गीता आली. ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते आणि कंपनीत नोकरी करते. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"पप्पा, ते नुस्तं टेक्निकल नाव आहे. कायको एवढं मनाला लावून घेताव? मम्मीची गाणी जातील ना!"

"गाणी कुणाची आहेत, गीता?" देवराव म्हणाले. "ज्यांना नावं ठेवून ठेवून राबवलं, त्यांची आहेत. ती गाणी सांभाळणारीला मी हे नाव देऊ? तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

गीताने मुनीरभाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मुनीरभाई हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"साब कू बोलो, बिल्कुल सई बोलरे. पहले बोलते तो मैं वैसाच करता. सीडी की दूसरी वायर है ना अंदर? सीडी कू निकाल देव, पुरानी कू उसपो लगाव. दोनों अपनी-अपनी वायर पो मास्टर."

एवढं सोपं होतं! गीताने सीडीचा खण सोडवला. तो वर्षानुवर्षं नुसता जागा अडवून बसला होता, त्याच्यासाठी कोणी रडलं नाही. त्याची वायर मला मिळाली. बटण दाबलं आणि पडद्यावर दोन नावं एकाखाली एक आली. दोन्ही धनी. माझा जीव भांड्यात पडला.

दोनशे चौदा गाणी एकेक करून पलीकडे गेली. गीताने नव्या डिस्कवरून पहिलं गाणं उघडलं आणि ती पांढरीफटक पडली. पडद्यावर नुसते कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा होता.

"सगळं खराब झालं, पप्पा."

खराब काहीच झालं नव्हतं. बाईंचा तो फॉन्ट अजून माझ्याकडेच होता. त्याच्याशिवाय ती अक्षरं कोणालाच कळणार नव्हती. देवरावांना आठवलं ते एकेक वेलांटी शोधताना बाईंचं रडकुंडीला येणं. "ती अक्षरं वेगळी आणली होती तिनं," ते म्हणाले. "बघ, या जुन्या डिस्कच्याच पोटात असतील."

गीता शोधू लागली. माझी सुई आता घासत होती. ती फाइल सापडली आणि मी उरलेलं सगळं बळ एकवटून फिरले. फॉन्ट पलीकडे पोचला. त्यानंतर मी एक लांब आवाज केला आणि थांबले. आता मी पुन्हा फिरणार नाही.

पडद्यावरचा कचरा गेला आणि मराठी उमटलं. गीताची शाळा इंग्रजी, तिला मराठी अडखळतच वाचता येतं. तरी ती हैदराबादच्या मुशी नदीवरचं ते गाणं मोठ्याने वाचू लागली.

"मुशीच्या गं काठाला नवं... बिराड थाटलं..."

"बिऱ्हाड," देवराव म्हणाले. "पुन्हा वाच."

"मुशीच्या गं काठाला नवं बिऱ्हाड थाटलं, गाव मागं राहिलं, त्यानं सपनात गाठलं."

देवराव भिंतीकडे तोंड करून रडले. चार वर्षांत ते मोठ्याने रडल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

आता मी एका पत्र्याच्या डब्यात असते. सोबतीला पंचफुलाबाईंचा चष्मा आहे. इथे अंधार आहे आणि करमत नाही, खोटं कशाला सांगू? पण रविवारी गीता येते आणि एकेक गाणं वाचते. चुकते, पुन्हा वाचते. डब्याच्या झाकणातून मला सगळं ऐकू येतं. सध्या चाळिसावं चालू आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाचं तरी काम असं वहीत, फोनमध्ये, कपाटात पडून असेल. वर साडी घालून ते जपलं असं समजू नका. ते उघडा, त्याची दुसरी प्रत करा आणि ज्या भाषेत आहे त्या भाषेत अडखळत का होईना वाचा. माझ्यासारखी दुसरी प्रत्येक वेळी तग धरेलच असं नाही.

परवा मुनीरभाई आले होते. मला भंगारात देता का, असं त्यांनी विचारलं. देवरावांनी डबा उघडला, मला हातात घेतलं आणि उलटं करून त्यांना पाठ दाखवली. मुगाएवढी टोपी अजून तिथेच आहे, धन्याच्या जागी.