मंदाकिनीकाकू गप्प बसल्या

मंदाकिनीकाकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे जयपूरच्या मानसरोवर कॉलनीतल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं. कुणाच्या बदलीची ऑर्डर निघाली, कुणाच्या मुलीला दिवस गेले, कुणाच्या सुनेची पुरणपोळी फाटते, हे सगळं काकूंकडूनच कळायचं, आणि तेही सल्ल्यासकट. काकू मूळच्या साताऱ्याच्या. यजमान गजाननराव विमा कंपनीत अधिकारी होते. त्यांची शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतर दोघं इथेच राहिले. गजाननराव मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले. काकूंना मात्र दुपार खायला उठायची.

अशाच एका दुपारी कॉलनीच्या बागेत मनीषाजींशी ओळख झाली. मनीषाजी जयपूरच्याच. घरात मारहाण सोसणाऱ्या, जबरदस्तीला बळी पडलेल्या बायकांसाठी त्या मेट्रो स्टेशनजवळ एक केंद्र चालवायच्या. तिथे धीर देणारं माणूस मिळे, वकील मिळे, डॉक्टरकडे आणि पोलिसांकडे जायला सोबत मिळे, आणि गरज पडली तर काही दिवस राहायला जागाही.

"बोलणाऱ्या पुष्कळ आहेत आमच्याकडे," मनीषाजी म्हणाल्या. "ऐकणाऱ्या कमी पडतात. तुम्ही याल?"

काकूंनी वाक्य पुरतं ऐकायच्या आतच हो म्हणून टाकलं.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी फजिती झाली. मनीषाजींनी सरावासाठी त्रासलेल्या बाईचं सोंग घेतलं आणि काकूंना समोर बसवलं. "माझा नवरा मला..." एवढंच त्या म्हणाल्या, तोवर काकू सुरू झाल्या, "सासूबाईंच्या कानावर घातलंत का? मोठा दीर आहे का? आणि जेवता का नीट?" बाकीच्या बायका पोट धरून हसल्या. मनीषाजीही हसल्या, पण मग त्यांनी काकूंचा हात धरून सांगितलं, "मंदाकिनीजी, समोरच्या बाईवर विश्वास ठेवायचा. ती सांगेल तेवढं ऐकायचं. बाहेर अवाक्षर काढायचं नाही. आणि काय करायचं हे तिने ठरवायचं, आपण नाही."

"आणि जीभ वळवळली तर?"

"लवंग चावा."

त्या महिन्यात काकूंच्या अंगाला लवंगेचा वास यायला लागला, पण हळूहळू ऐकणं जमू लागलं.

जुलैतल्या एका सकाळी मनीषाजींचा फोन आला. एक मराठी मुलगी आली होती, आणि तिला हिंदीत नीट सांगता येत नव्हतं. काकू हातातली भाजी तशीच टाकून निघाल्या. केंद्राच्या खोलीत पाठमोरी बसलेली मुलगी वळली आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

ती भार्गवी होती. श्रेयसची बायको.

श्रेयस म्हणजे मंडळाचा लाडका. आयटी कंपनीत चांगली नोकरी, गोड गळा, कार्यक्रम संपला की खुर्च्या उचलायला पहिला पुढे. 'जावई असावा तर असा,' हे स्वतः काकूच चारचौघांत म्हणाल्या होत्या.

भार्गवीने ताडकन उठून पर्स उचलली. "काकू, तुम्ही? नको, मी जाते."

"अगं, का?"

"संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळाला कळेल."

काकूंना ते झोंबलं. पण रागावायला जागा नव्हती, मुलगी खोटं बोलत नव्हती.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "तू बस, मी जाते. मनीषाजी दुसरं कुणीतरी बघतील. पण तुला इथे पाहिलं हे मी कुणाला सांगणार नाही. काकांनासुद्धा नाही."

काकू खरोखरच दाराकडे निघाल्या. भार्गवी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत उभी राहिली.

"थांबा काकू," ती शेवटी म्हणाली. "हे मला हिंदीत सांगता यायचं नाही. मराठीत तरी येईल का, कुणास ठाऊक."

मग ती तुकड्यातुकड्यांनी सांगत गेली. लग्नानंतर आधी फोन तपासणं सुरू झालं, मग हात पिरगळणं. तिला शिकवायची नोकरी मिळाली, तेव्हा त्याने तिला खोलीत कोंडून ठेवलं. "आणि माझं नको म्हणणं त्याला ऐकूच यायचं नाही, काकू. मी रडले तरी नाही. सकाळी उठून तोच आलं घालून चहा करायचा. मग मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकत असेल."

घाईत निघताना काकूंच्या लवंगा घरीच राहिल्या होत्या. आईला का नाही सांगितलंस, एवढं का सोसलंस, पहिल्याच दिवशी निघायचंस. सगळे प्रश्न जिभेवर येऊन उभे राहिले. काकूंनी पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलं आणि ते सगळे गिळले.

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "आणि तुझं काही चुकलेलं नाही."

भार्गवी पुष्कळ वेळ रडली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "मी काय करू, काकू?"

या प्रश्नाची तर काकूंनी आयुष्यभर वाट बघितली होती! पण त्यांनी विचारलं, "तुला आत्ता, या घडीला, काय हवंय?"

भार्गवी विचारात पडली. तिला हे बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नसावं.

"झोप," ती म्हणाली. "आणि पोहे. चांगले तिखट."

काकूंना हसू फुटलं, आणि त्यांच्याकडे बघून भार्गवीलाही. ती केंद्राच्या निवासात दुपारभर गाढ झोपली. उठली तेव्हा उशाशी पोह्यांचा डबा होता आणि शेजारी काकू गप्प बसल्या होत्या.

पुढचं सगळं भार्गवीच्या चालीने झालं. डॉक्टर आधी, की तक्रार आधी, की नुसतीच विश्रांती, प्रत्येक वेळी मनीषाजी तिलाच विचारायच्या. पोलीस ठाण्यात काकू शेजारी बसल्या, कोर्टात वकीलबाई उभ्या राहिल्या. श्रेयसने भार्गवीशी संपर्क करायचा नाही, तिच्या जवळ फिरकायचं नाही, असा आदेश निघाला; बाकीचा खटला चालू राहिला. भार्गवी रसायनशास्त्रात एमएस्सी होती. जयपुरातच, गोपालपुऱ्यातल्या एका कोचिंग क्लासमध्ये तिला नोकरी लागली आणि तिथल्याच एका मुलींच्या हॉस्टेलात खोली मिळाली. तिच्या हिंदीत 'प्रयोग होती है' आणि 'नली फूट गया' असे अपघात रोज व्हायचे. मुलं तिचं हिंदी सुधारायची आणि ती मुलांची समीकरणं.

इकडे घरी काकूंचे हाल होते. भार्गवी आजारी आईला बघायला माहेरी गेली, असं श्रेयसने मंडळात सांगितलं होतं. गजाननरावांचं मन भरून आलं. "एकटा पडलाय बिचारा. त्याला भरल्या वांग्यांचा डबा पाठव," ते म्हणाले.

"माझे हात दुखतात."

"मग नुसती आमटी?"

"आमटीनेही दुखतात."

गजाननरावांनी स्वतः खिचडी करून डबा पोचवला. एकदा नाही, चांगलं तीन-चारदा. काकू स्वयंपाकघरातून बघत आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. आपली बायको आठवडेच्या आठवडे कुणाबद्दल काही बोलत नाही, हे बघून गजाननराव घाबरले आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्तदाब तपासून उत्तम असल्याचं सांगितलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी मंडळाचा फराळ असायचा. यंदा श्रेयसचं गाणं ठरलं होतं. त्याच आठवड्यात भार्गवी केंद्रात आली.

"काकू, मला फराळाला यायचंय," ती म्हणाली.

"अगं, पण तो..."

"जवळ यायचं नाही हा आदेश त्याला आहे, मला नाही. चकली मलाही आवडते. मीच का खोलीत बसायचं? काकांना सांगा आता. पण मी सांगते तेवढंच सांगा."

त्या संध्याकाळी काकूंनी गजाननरावांना बसवलं आणि भार्गवीने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं, पदरचा एक शब्द न घालता. गजाननराव ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी त्याला डबे देत होतो गं."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"आणि तुला ठाऊक असून तू इतके दिवस..." त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू लग्नानंतर पहिल्यांदाच तिची ओळख होत होती. मग त्यांनी फोन उचलून श्रेयसला स्पष्ट सांगितलं, की त्याचं गाणं रद्द झालंय आणि त्याने यायचं नाही. पलीकडून बराच वेळ गोड आवाज येत राहिला, मग चढा आवाज आला. गजाननरावांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे चिटणीस दिलीपराव श्रेयसचं ऐकून तणतणत आले. "नवरा-बायकोचं भांडण आहे. मंडळाने दोन्ही बाजू ऐकायला हव्यात."

"मंडळ म्हणजे कोर्ट नव्हे, दिलीपराव," गजाननराव म्हणाले. " कोर्टाने ऐकून आदेश दिलाय. ती पोरगी आली तर तिला खुर्ची द्यायची की नाही, एवढंच आपण ठरवायचं."

दिलीपराव चहा पिऊन गेले.

रविवारी भार्गवी मनीषाजींबरोबर आली. हिरवा कुर्ता, कपाळावर मोठी टिकली. हॉलमधली कुजबुज एकदम थांबली. दोन कुटुंबं उठून निघून गेली, तेही सगळ्यांनी पाहिलं. भार्गवी दारातच घुटमळली. काकू उठणार, तोच दिलीपरावांची बायको प्रणाली ताट घेऊन तिच्यापाशी पोचली.

"ये गं, माझ्याशेजारी बस," ती म्हणाली. "ही चकली माझी आहे. जरा कडक झालीय, दात सांभाळ."

मग कुणी चिवडा वाढला, कुणी लाडू. मनीषाजींनी अनारसा उचलून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा भार्गवीने त्याची कृती अशा काही हिंदीत समजावली, की मनीषाजींना ठसकाच लागला.

गायक नसल्यामुळे अध्यक्षांनी स्वतःच गायचं ठरवलं. गजाननरावांनी डोळे मिटून असा सूर लावला, की पेटीवाल्याने तीन पट्ट्या बदलून पाहिल्या आणि शेवटी हात जोडले. पहिली हसली ती भार्गवी. आधी तोंडावर हात धरून, मग अगदी मोकळेपणाने, मान मागे टाकून. तिच्या हसण्याने बाकीच्यांचाही बांध फुटला. गजाननरावांनी एक डोळा उघडून पाहिलं आणि अधिकच जोरात दुसरं कडवं धरलं.

दुपारी भार्गवीचा तास होता. प्रणालीने तिच्या हातात चकल्यांचा डबा कोंबला, "हॉस्टेलातल्या पोरींना दे. डबा मात्र परत आणून दे, माझ्या आईचा आहे."

"पुढच्या रविवारी आणते," भार्गवी म्हणाली, आणि डबा मांडीवर घेऊन ई-रिक्षात बसली.