तीस तारखेपर्यंत उत्तम

मित्रांनो, शाळेच्या खिचडीची चव लिहून ठेवायची जुनी वही मी. वय सात वर्षं. आजपर्यंत एक घास खाल्लेला नाय, तरी माझ्या पोटात हजाराच्या वर जेवणं हायेत.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून मला घेतलं. जाड पुठ्ठा, लाल कापडाची पाठ. तिथून रिक्षात बसून हर्सूलच्या एका शाळेत आले. खिचडीच्या खोलीत खिडकीपाशी तेलाचा रिकामा डबा हाय, त्याच्यावर माझी जागा. माझ्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलंय. ते गीतामावशीचं. आमच्या शाळेत खिचडी त्याच शिजवतात.

माझं काम सोपं. पोरं जेवायच्या अर्धा तास आधी एका सरांनी आन एका पालकानं पातेल्यातलं खाऊन बघायचं, कसं झालंय ते माझ्यात लिहायचं, दोघांनी सही करायची. नियमच हाय तसा.

पहिल्यांदा साहेबराव सर होते. ते खरंच खायचे. फुंकर मारून खायचे, तरी जीभ भाजायची, मग लिहायचे. 'मीठ जास्त. पाणी घालून सारखं केलं.' 'तांदळात किडे. पोतं परत पाठवलं.' वरचे साहेब तपासणीला आले की आधी मला उघडायचे आन म्हणायचे, वही असावी तर अशी. लई भारी वाटायचं.

मग ते सर रिटायर झाले. पुंडलिक सर मुख्याध्यापक झाले. माणूस वाईट नाय, खोटं कशाला बोलू. पण रोज ही माहिती भरा, ती यादी पाठवा, यातच त्यांचा दिवस जायचा. त्यांनी एक सोय काढली. एक तारखेला मला टेबलावर घ्यायचं, महिन्याच्या सगळ्या तारखा टाकायच्या आन एका दमात लिहायचं. उत्तम. उत्तम. उत्तम. महिन्याची चव पंधरा मिनटात.

डोकं फिरायचं माझं. इकडं पातेल्यातली डाळ दर महिन्याला पातळ होत होती. वरचे साहेब मला बघायचे, मान हलवायचे, निघून जायचे. वहीत सगळं उत्तम असल्यावर जास्तीची डाळ कोण पाठवंल?

अशात मेघा आली.

सातवीतली पोरगी. तिचे पप्पा संघपाल रिक्षा चालवतात. क्रांती चौकातलं भाडं सोडून जेवणाच्या सुट्टीत ते गेटपाशी येऊन थांबायचे. मेघा ताट घेऊन तिथं जायची आन गजातून पप्पांचा मोबाइल घ्यायची. ताटाशेजारी आपली पेन्सिल ठेवायची, म्हंजे खिचडी केवढी ते बघणाऱ्याला कळावं. मग फोटो. इंटरनेटवर तिनं पप्पांच्या मदतीनं एक पान उघडलं होतं, 'आजचं ताट'. त्यात टाकायची. खाली दोन ओळी लिहायची आन लिहिताना मोठ्यानं बोलायची, म्हणून खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं.

'आज वाटाणे पाच. डाळ शोधावी लागली. गीतामावशीची फोडणी एक नंबर.'

'आज गरम होती. पोट नाय भरलं.'

मी बघतच राहिले. हे तर माझं काम. ज्याच्यासाठी मला बांधलं, ते ही बारकी पोरगी गेटला उभ्या उभ्या करत होती. शिवी नाय, रडगाणं नाय. चांगलं ते चांगलं, कमी ते कमी. मला सात वर्षांत आठ-दहा साहेबांनी वाचलं असंल. तिला एका दुपारीत तीन हजार माणसांनी वाचलं. एकदा संघपाल म्हणाले, "कन्नड तालुक्यातनं एका पोरानं विचारलंय, माझं बी ताट टाकू का म्हणून." चिकलठाण्याकडं जाणारं विमान डोक्यावरून गेलं की पोरं कशी घास हातात धरून वर बघतात? तशी मी त्या मोबाइलकडं बघायची.

मग वीस तारीख उजाडली. शुक्रवार होता. सरांनी सकाळी बैठक बोलावली. पालक समितीच्या अध्यक्ष द्वारकाबाई रानातून तशाच आल्या होत्या. संघपाल आले. मला बी टेबलावर ठेवलं.

"सगळ्या शहरात शाळेची बेइज्जती केलीस तू," सर मेघाला म्हणाले.

"मी ताटाचा फोटो काढला सर. शाळेचा नाय."

संघपालांनी हसू दाबलं.

"हे बघ," सर म्हणाले, "तुझं खरं धरलं तर जेवण वाईट. म्हंजे करणारीचा दोष. गीताबाईला काढावं लागंल. नायतर ते पान बंद कर आन या वहीत लिही, माझी चूक झाली, जेवण चांगलं असतं."

गीतामावशी दारातच उभ्या होत्या. "पोत्यात येतं तेच पातेल्यात जातं सर. डाळ काय मी पिकवती का?"

"तुम्ही थांबा जरा."

मेघानं मावशीकडं बघितलं. मावशीचं घर त्याच कामावर चालतं, ते तिला ठाऊक होतं. तिचा चेहरा उतरला. दोन महिने एक दिवस न चुकवता तिनं ते पान चालवलं होतं. ती गुपचूप खुर्चीवर बसली. "लिहिते," म्हणाली.

माझं काळीज फाटलं, मित्रांनो. खरं बोलणारी एकच होती शाळेत, आन ती बी आता माझ्यात खोटं लिहिणार.

तिनं मला उघडलं. वीस तारीख काढली. पान उलटलं. परत उलटलं. पेन हातात तसंच.

"सर, जागा नाय."

"कशी नाय? आजच्या तारखेपुढं लिही."

"आजच्यात उत्तम लिहिलंय. उद्याच्यात बी. तीस तारखेपर्यंत भरलंय. कुठं लिहू?"

द्वारकाबाईंनी मला जवळ ओढलं आन ओळीवर बोट ठेवून ठेवून वाचलं.

"बावीसला रविवार हाय सर. शाळा बंद, खिचडी उत्तम."

"येतो मग रविवारी जेवायला," संघपाल म्हणाले.

सरांचे कान लाल झाले. पण द्वारकाबाई हसल्या नाय. त्यांचं बोट एका सहीवर थांबलं होतं. "पालकाची सही माझीच हाय ही. तुम्ही म्हणले इथं करा, मी करून मोकळी झाले. न खाता." त्यांनी मला मिटलं. "गीताला काढायचं नाव काढू नका. दोष तिच्या हाताचा नाय, आपल्या दोघांच्या सहीचा हाय."

"आन ते पान?" सरांनी हळूच विचारलं.

"पान पोरीचं हाय. पटत नसंल तर खाली उत्तर लिहा," द्वारकाबाई म्हणाल्या.

मग लाल पेन काढून सरांनी वीसपासून तीसपर्यंतच्या अकरा ओळी एकेक करून खोडल्या. उठून खिचडीच्या खोलीत गेले. मावशीनं वाटीत वाढलं. फुंकर मारायची सवय नव्हती, जीभ भाजली. तसंच पाणी आलेल्या डोळ्यांनी त्यांनी लिहिलं, 'डाळ फार कमी. वाढवून मागत आहोत.' एवढं खरं अक्षर माझ्यात किती दिवसांनी पडलं.

सोमवारी त्यांनी पेन मेघाच्या हातात दिलं. ती माझ्यात बी लिहिती आता, मोबाइलातल्या पानावर बी. त्या दिवशी ती मला गेटपाशी घेऊन गेली, ताटाशेजारी पेन्सिल आन पेन्सिलीशेजारी मला ठेवलं. फोटो काढला. मोबाइलात मी पहिल्यांदा मला बघितलं. कडा झिजलेल्या, कोपऱ्यावर हळद, आन उघड्या पानावर तिचं अक्षर. 'मीठ बरोबर. डाळ अजून पातळ. पोट अर्धं भरलं. मावशी इथंच हाय.'

मित्रांनो, मला नवा पुठ्ठा नको, कव्हर नको, कपाटात जागा बी नको. डब्यावर बरी हाय मी. एवढंच करा. आधी खा, मग लिहा.