पाठ दाखवणारी

गरुडाला मोजता येत नाही. आमच्या दुनारगच्या खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन माणसं आत गेली आणि एक बाहेर पडलं, की तो वरच्या कड्यावरून बघतो आणि समजतो, गेली ब्याद. मग खुशाल खाली उतरतो. म्हणून लपणाच्या खोपटीत बसून त्याचा फोटो काढायचा तर जोडीनं जायचं. अंधारात दोघांनी आत शिरायचं, एकानं कॅमेऱ्यापाशी बसायचं आणि फटफटलं की दुसऱ्यानं बाहेर पडून गरुडाला नीट दिसेल असं, शीळ घालत, रमतगमत निघून जायचं. मागे वळून मात्र बघायचं नाही. वळलं की संपलं. मागे काहीतरी राहिलंय एवढं त्यालाही कळतं.

टॉर्मड मॅकरेचं हे दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको सीनाग. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात ती हेच करत आली. लपणातून निघायचं, उतार उतरायचा, ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जायचं, रस्त्यावर जीपमध्ये बसून थर्मासमधला चहा प्यायचा आणि वाट बघायची. टॉर्मडचे फोटो कॅलेंडरवर आले, बिस्किटांच्या डब्यांवर आले, इन्व्हरनेसच्या स्टेशनात भिंतभर लागले. खाली नाव त्याचं. आणि का नसावं? बोट त्याचं, डोळा त्याचा. पण सीनागनं जन्मात गरुड जवळून पाहिला नव्हता. गरुडानं मात्र तिची पाठ इतक्यांदा पाहिली होती की तिच्या कोटाला कोपरावर लावलेलं ठिगळसुद्धा त्याला पाठ असेल.

"काय गं पाठ दाखवणारे," हेक्टर म्हणायचा. हेक्टर इस्टेटीवरचा हरणांचा राखणदार. थंडीत इस्टेटीसाठी माद्या मारायच्या असतात, त्यातलं एखादं मढं गरुडासाठी तोच आणून टाकायचा. "इतकी वर्षं चाललीस, एव्हाना अमेरिकेला पोचली असतीस."

"पोचले असते की," सीनाग म्हणायची. "पण संध्याकाळी याला सूप कोण देणार?"

आता टॉर्मडपाशी गरुडाचे फोटो काय थोडे होते? मढ्यावर बसलेला, कावळ्यांना हुसकावणारा, बर्फात पंजे रोवून उभा, सगळे होते. नव्हता तो एकच. लपणाच्या समोर लॉखच्या, म्हणजे आमच्या तळ्याच्या, पाण्यात घुसलेल्या खडकावर दुनारगचा पडका किल्ला आहे. त्याचा एकच बुरूज उभा आहे, आणि त्याच्यामागे बेन लिया डोंगर. हिवाळ्यातलं पहिलं ऊन त्या बर्फावर पडतं तेव्हा घटकाभर सगळं गुलाबी होतं. त्या घटकेत गरुड बुरुजावर उतरताना, हा फोटो त्याला हवा होता. पण दर वेळी तो जीपपाशी यायचा, दार उघडायचा आणि म्हणायचा, "मढ्यावर आला. बुरुजावर नाही बसला."

"मेला हट्टी आहे," सीनाग म्हणायची. कधी गरुडाला, कधी नवऱ्याला.

मग त्याच्या डोळ्यांचं सुरू झालं. सुरुवातीला त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. चष्मा खराब म्हणाला, दिवा मंद म्हणाला. एका सकाळी त्यानं चहा कपाच्या शेजारी ओतला, सगळा टेबलावर, आणि किटली हातात धरून तसाच उभा राहिला. सीनागनं फडकं आणलं, टेबल पुसलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून," तो म्हणाला. "मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे सरळ बघितलं तर तू नाहीस, नुसता करडा गोळा. खिडकीकडे बघितलं तर तू दिसतेस."

"मग खिडकीकडेच बघत जा," ती म्हणाली, आणि मागच्या खोलीत जाऊन पोटभर रडली.

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. मधलं गेलेलं परत येणार नाही, कडेचं बहुधा राहील. फोटोग्राफरला कडेचं काय कामाचं? भिंगातून बघायचं ते नेमकं मधूनच. एप्रिलमध्ये गावाच्या हॉलमध्ये त्याच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन ठरलं होतं. मधली भिंत त्यानं बुरुजाच्या फोटोसाठी मोकळी ठेवायला सांगितली होती, डोळे ठीक होते तेव्हा. लोक अजून विचारत, काय टॉर्मड, आला का पाहुणा बुरुजावर? आणि तो हसायचा. ते हसणं सीनागला बघवत नसे.

जानेवारीत, हेक्टर मढं टाकून गेला त्या संध्याकाळी, टॉर्मड म्हणाला, "उद्या तू बसशील आत."

"मी? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मला धड कोंबडीचा फोटो येत नाही."

"कॅमेरा मी लावून देतो. तू फक्त बटण दाब. तो उतरायला लागला की दाबायचं आणि सोडायचं नाही. बस."

"आणि चालणार कोण?"

"मी."

"दगडांवरून? तुला चहाचा कप दिसत नाही!"

"कप मधे असतो," तो म्हणाला. "दगड मला पायांनी माहीत आहेत. हे बघ, मला तो फोटो हवाय. पाहता येवो न येवो, तो आहे एवढं कळलं तरी पुरे. आणि तो मी दुसऱ्या कुणाला काढू देणार नाही. तुला देईन."

आता बोला! लग्नात शपथ घेताना सुद्धा हा माणूस इतकं बोलला नव्हता. सीनागनं कबूल केलं. करणार काय?

सकाळी अंधारात दोघं लपणात शिरली. फळ्या आणि हेदरच्या झुडपांच्या काटक्यांची ती खोपटी, दोन माणसं म्हणजे गुडघ्याला गुडघा. टॉर्मडनं बोटांनी चाचपत कॅमेरा बसवला, लेन्सचं तोंड बुरुजाकडे केलं, तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. सवयीनं. रोजचं दार उघडावं तसं. फटफटायला लागल्यावर तिच्या टोपीवर हात ठेवून म्हणाला, "काहीही झालं तरी बाहेर यायचं नाही. आलीस तर माझं चालणं फुकट. एवढं ऐक."

"तू आधी नीट चाल," ती म्हणाली.

तो निघाला. खांदे मागे, हातात काठी, रविवारच्या प्रार्थनेतली एक जुनी चाल शिळेवर. सीनागनं इतकी वर्षं हे काम केलं होतं, पण ते दिसतं कसं हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. एवढ्या मोठ्या उतारावर एवढंसं माणूस. आपल्यापासून लांब लांब जाणारं, आणि वळून बघायची बंदी.  हे रोज बघायचा हा? आणि मग शांतपणे गरुडाचे फोटो काढायचा? काळीज म्हणायचं का दगड! तिला रागच आला त्याचा.

बेन लियाचा माथा उजळला. आता होईलच गुलाबी. तिनं डोळा भिंगाला लावला. बुरूज स्वच्छ दिसत होता, एकेक चिरा, चिऱ्यातलं गवत. ती थांबली. शीळ ऐकू येत होती. मग शीळ थांबली.

तिनं काही विचार केला नाही. हातानं लेन्स खाली वळवली आणि ओढ्यावर नेली. टॉर्मड मधल्या दगडावर उभा होता. पुढचा दगड काठीनं शोधत होता. काठी डावीकडे पाण्यात, उजवीकडे पाण्यात. अरे, जरा पुढे, पुढे, ती पुटपुटत होती, अरे मेल्या, जरा उजवीकडे. त्यानं पाय उचलला, ठेवला, आणि पाय घसरला. तो एका गुडघ्यावर पाण्यात बसला. टोपी निघाली, भोवऱ्यात फिरली आणि वाहून गेली.

सीनागचा हात दाराच्या फळीवर गेला. फळी अर्धी सरकली सुद्धा. बाहेर यायचं नाही! ती तशीच अडकली, एक हात फळीवर, एक कॅमेऱ्यावर, डोळा भिंगाला. जीव नुसता टांगणीला. गोठवणारं पाणी, कमरेपर्यंत भिजलेला म्हातारा, आणि आपण इथे खोक्यात बसलोय. जाऊ दे तो फोटो खड्ड्यात, ती म्हणाली, आता उठला नाहीस तर मी आलेच.

तो उठला. दोन्ही हातांनी पुढचा दगड चाचपला, लहान मूल जिना चढतं तसा त्यावर चढला, ताठ उभा राहिला. वळला नाही. ओलेत्या अंगानं, बोडक्या डोक्यानं त्यानं पुन्हा शीळ सुरू केली, आधीपेक्षा मोठ्यानं, सूर सगळा पार बिघडलेला. ती शीळ तिच्यासाठी होती हे सीनागला लगेच कळलं. मी ठीक आहे, तू तुझं काम कर. मग एक दगड, मग आणखी एक. तो पलीकडच्या काठाला लागला तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

आणि मान वर केली, तर बुरुजावरून गरुड उडत होता. उतरत नव्हता, उडून चालला होता. बसून, बघून, कंटाळून निघाला होता. केवढे ते पंख, आणि त्यांच्या कडा गुलाबी. तिचं बोट अजून बटणावरच होतं आणि लेन्स होती ओढ्यावर. तो लॉखवरून वळला आणि कड्याआड गेला. मागचा डोंगर पुन्हा पांढरा झाला.

"गेलं," ती मोठ्यानं म्हणाली. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं तिला झालं. एकच गोष्ट मागितली होती माणसानं. आयुष्यात एकच.

मढ्यावर कावळे आले. ती त्यांच्याकडे बघत बसली. आणि मग हळूहळू तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी यायला लागलं. गरुड बुरुजावर बसतो. चालणारं माणूस ओढ्याशी असतं, तेव्हाच बसतो. त्याला ते माणूस नक्की जातंय ना हे बघायचं असतं, आणि बुरुजावरून ओढा सगळ्यात चांगला दिसतो. आज बसला तर काल का बसला नसेल? गेल्या वर्षी, त्याच्या आधी? गरुड काय आजच शहाणा झाला? आणि टॉर्मड, जो डोळ्यांत तेल घालून बसायचा, ज्याला अर्ध्या कोसावरून ससा दिसायचा, त्याला समोरच्या बुरुजावरचा गरुड दिसला नाही?

तिला पहिला हिवाळा आठवला. नव्या नवरीचा उत्साह, पळतच निघाली होती, आणि त्याच दगडांवरून घसरली होती. घोटा सुजून हा एवढा शलजमाएवढा झाला होता. रांगत रस्त्यापर्यंत गेली होती. टॉर्मड फिल्मचे दोन्ही रोल संपवून गाणं म्हणत जीपशी आला आणि तिचा पाय बघून गप्प झाला. त्याला काहीच दिसलं नव्हतं, त्याचा डोळा वर होता. ती हसत होती, तो नाही. ती सगळ्यांना ही गोष्ट गंमत म्हणून सांगायची. ती सांगायला लागली की तो उठून चुलीत पीट, म्हणजे दलदलीतलं वाळलेलं जळण, घालायला जायचा. गंमत कळत नाही म्हाताऱ्याला, असं ती म्हणत आली. त्यानंतर दर सकाळी, ती ओढा ओलांडेपर्यंत, त्याचा डोळा कुठे असायचा?

तिनं कॅमेरा काढून पिशवीत भरला आणि ती रस्त्याकडे निघाली.

जीपमध्ये टॉर्मड घोंगडी लपेटून बसला होता. ओठ निळे, केस विस्कटलेले. तिनं दार उघडलं. बोलायला बरंच होतं, शिव्याही पुष्कळ साठल्या होत्या. पण तोंडातून निघालं ते त्याचंच वाक्य.

"बुरुजावर नाही बसला."

 टॉर्मडनं खिडकीकडे मान वळवली, म्हणजे ती त्याला दिसावी म्हणून.

"मी दगडावर परत उभा राहिलो ना," तो म्हणाला, "तेव्हा तो बुरुजावर बसलेला होता. पंख मिटत होता, पोशाख नीट करावा तसा. मला कडेचं दिसतं, विसरलीस?"

सीनागनं पिशवीचा पट्टा खांद्यावर वर ओढला.

"तू दगडांकडे बघत होतीस," तो म्हणाला.

"तू पडलास, गाढवा! मी काय गरुडाकडे बघू?"

तो हसायला लागला. दात वाजत होते तरी हसत होता, आणि हसता हसता डोळे पुसत होता.

"माझ्या वेळीही तो असाच नाही बसायचा," तो म्हणाला.

सीनागनं पिशवी मागच्या सीटवर ठेवली. थर्मास उघडला, कप त्याच्या दोन्ही हातांत नीट धरवला आणि चहा ओतला.

"एकदा तरी सांगायचंस," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू वळून बघितलं असतंस."

ते खरं होतं. ती पहिल्याच दिवशी वळली असती. तिनं त्याच्या ओल्या केसांवर आपली टोपी घातली, कानांवर खाली ओढली आणि जीप सुरू केली.

"मधली भिंत मोकळीच ठेवायला सांग," टॉर्मड म्हणाला.