इनास मास्तरांचा सूर

अंग ताठरायच्या आत जबडा बांधायला हवा होता. पियेदादनं वडिलांच्या हनुवटीखालून फडक्याची घडी नेली आणि डोक्यावर गाठ मारायला हात उचलला, तोच त्यांच्या तोंडातून वरच्या दातांची कवळी सुटून तिच्या मनगटावर पडली.

त्यांना कवळी होती हे तिला ठाऊकच नव्हतं. मग कवळी धुऊन तिनं पुन्हा जागेवर बसवली आणि गाठ मारली.

पापा बँडमध्ये नवा माणूस घेताना आधी त्याचे दात बघत. पुढचे दात पडले की माणसानं झांजा घ्याव्यात, असं म्हणत. कॉर्नेट, ती आखूड पितळी तुतारी, ओठांवर दाबून वरचा सूर धरायचा तर मागं पक्के दात लागतात, कवळी निसटते. हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. पण गेल्या नाताळात ती पुण्याहून आली, तेव्हा मिरवणुकीत पापा सगळ्यांच्या पुढं होते. कॉर्नेट वर, डोळे मिटलेले. तो लांब, किंचित थरथरता सूर गल्लीच्या टोकापर्यंत पोचत होता. त्यांच्या मागं, एका पावलावर, नेहमीसारखा बँडमधला जोतिबा दुसरा कॉर्नेट घेऊन चालत होता.

मिशा त्यांनी अलीकडे ठेवल्या होत्या. तिनं त्यावरून चेष्टाही केली होती.

सतराव्या वर्षी गोव्यात साष्टीतल्या आपल्या गावाहून घाट चढून, जांबोटीच्या रानातून चालत ते बेळगावच्या कॅम्पात आले. गोऱ्या पलटणीच्या बँडमध्ये सोलो वाजवला. पलटण हलली तेव्हा मागं राहून त्यांनी स्वतःचा बँड उभा केला. नंदगड, खानापूरकडचे शेतकऱ्यांचे मुलगे गोळा केले आणि शिव्या देत देत शिकवले. त्यांचं मराठी शेवटपर्यंत सुधारलं नाही. गोंयकार म्हणून कुणी हसलं, की ते उत्तर देत नसत, कॉर्नेट उचलत. निपाणीचे तंबाखूवाले इनास मास्तर मोकळे आहेत का ते विचारून मग लग्नाची तारीख धरत.

अंगणात बँडची माणसं निळे कोट घालून बसली होती. ढोलवाले मारुतीराव उठून दाराशी आले.

"आक्का, कोटाची समदी बटणं लावलीसा न्हवं? एक जरी सुटलं तर मास्तर उठून शिव्या घालतील. त्याबी कोकणीत."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"जोतिबाअण्णा, सोलो कोण वाजवणार?" तिनं विचारलं.

जोतिबा कॉर्नेट पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

"कोण न्हाय, आक्का. त्येवढं कुणाला जमतंय? मी आपला कसातरी वडून न्हेईन."

त्याच्या वरच्या ओठावर मधोमध कॉर्नेट दाबून पडलेला गोल, लालसर वण होता. जुन्यावर नवा. तिनं तो पाहिला आणि ती आत गेली.

दफनभूमीच्या फाटकाशी निपाणीच्या तंबाखूवाल्या शेटजींचे कारभारी हरिभाऊ टोपी सावरत उभे होते. मोटारीनं आले होते. मारुतीरावांना त्यांनी बाजूला घेतलं, पण आवाज तिच्यापर्यंत येत होता.

"लग्न रविवारवर आलंय. शेटजींनी मास्तरांचं नाव बघून सुपारी दिलती. आता आज काय वाजतंय त्ये ऐकतो. न्हायतर कोल्हापूरचा बँड सांगायचा हुकूम हाय. आणि एकदा त्यो आला, की पुढची लग्नंबी त्येच्याकडंच."

"ऐका की," मारुतीराव म्हणाले. "मेल्या घरातबी परीक्षा घ्या आमची."

पाद्र्यांची प्रार्थना संपली. पेटी खाली उतरू लागली, तसा बँड सुरू झाला. सोलोची जागा आली. जोतिबानं कॉर्नेट उचलला. पहिला सूर बसला, दुसरा फाटला. तिसरा त्यानं अर्ध्यावरच सोडला. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. एक म्हातारी पुटपुटली, "मास्तर गेलं, समदं गेलं बाई." जोतिबा डोळे मिटून तसाच चुकत राहिला. कुठल्याच चुकीवर अडखळला नाही, आणि तेवढ्यावरून पियेदादला कळलं, की तो मुद्दाम चुकतो आहे.

मूठभर माती टाकून लोक परतू लागले. हरिभाऊ जोतिबापाशी थांबले.

"इतकी वर्षं मास्तरांच्या पाठीला चिकटून ऱ्हायलास, आन् हे शिकलास व्हय रं?"

"एवढंच जमतंय, साहेब."

"मग काय बोलायचं." हरिभाऊ फाटकाकडं निघाले. मारुतीराव पट्ट्यातून मान काढून ढोल जमिनीवर ठेवत होते. त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. निळे कोट हळूहळू झाडाखाली जमले. रविवारबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

पियेदादनं उघड्या खड्ड्यात पाहिलं. पेटीवर अजून पुरती माती पडली नव्हती. आत्ता एक शब्द बोललं, तर तो संध्याकाळपर्यंत निपाणीत पोचेल आणि मग पापांच्या मिरवणुका लोक पुन्हा नव्यानं आठवू लागतील. हसणाऱ्यांना उत्तर म्हणून उचलायला पापांपाशी आता कॉर्नेटही नव्हता.

ती जोतिबाजवळ गेली.

"अण्णा, सकाळी पापांचा जबडा मीच बांधला."

त्यानं प्रथमच तिच्याकडं पाहिलं. मग खड्ड्याकडं.

"आक्का, ह्यो सूर उघड्यावर काढायचा न्हाय म्हणून शपथ घातलीया त्यांनी."

"माहीत आहे. आता ती माझ्याकडं दे. वाजव."

फाटकाबाहेर मोटारीचं दार उघडलं. मग जोतिबानं कोटाच्या बाहीनं ओठ पुसले आणि कॉर्नेट वर नेला.

सूर निघाला. लांब, किंचित थरथरता, नाताळातलाच.

फाटकातली माणसं जागच्या जागी थांबली. एका बाईनं घाईघाईनं कपाळावर क्रूस केला. हरिभाऊ मोटारीत बसता बसता पुन्हा खाली उतरले. त्यांनी आधी थडग्याकडं पाहिलं, मग जोतिबाकडं.

झाडाखाली निळ्या कोटांतल्या एकानंही नवलानं मान वर केली नाही.