धुतलेले दगड

जांभूळ ओढा मेला आहे, असं लेखी मीच दिलं होतं. चार वर्षांपूर्वी, सहीनिशी. प्राणिशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवली होती आणि माझ्या अहवालात चूक काढायची कोणाची छाती नव्हती.

आता त्याच अहवालाची झेरॉक्स पुढ्यात ठेवून बिल्डरचा सल्लागार दिग्विजय सुनावणीला बसला होता. वाघोलीच्या मागचा हा ओढा पाइपात घालायचा आणि वरून रस्ता न्यायचा, असा प्रस्ताव होता. दुसरीकडे मी एकटी, हरकत घेणारी. माझ्याच अहवालाला.

बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या दिवसाचं सांगतं. ओढ्याची वर्षभराची तब्येत सांगतात दगडाखालचे किडे. म्हणून आम्ही वाहत्या पाण्यातले दगड उचलतो, ब्रशने पांढऱ्या ट्रेमध्ये झाडतो आणि सापडेल ते मोजतो. मेफ्लाय नावाच्या माशीची तीन शेपट्यांची चपटी पिल्लं निघाली, तर ओढा ठणठणीत. नुसत्या चिखलातल्या लाल अळ्या निघाल्या, तर गटार. चार वर्षांपूर्वी नुसत्या लाल अळ्याच निघाल्या होत्या.

प्रस्तावाची बातमी वाचून भाग्यश्रीचा फोन आला. माझी तेव्हाची विद्यार्थिनी, अकोल्याची, आता इथेच एका आयटी कंपनीत आहे.

"मॅम, एक सांगायचं होतं. रागावू नका. तेव्हा दगड आम्ही धुऊन आणले होते."

"का?"

"तुम्ही टेबलावर पाटी लावली होती ना."

लावली होती. काठावर टेबल मांडून मी बसले होते आणि टेबलाला पाटी होती, 'चिखल घेऊन येऊ नये. एकदाच सांगितले जाईल.' माझा अर्थ चपलांचा होता. पोरांनी दगडसुद्धा ओढ्यात खळबळून धुतले आणि चकचकीत करून माझ्यापुढे ठेवले. पिल्लं तिथेच वाहून गेली, भेगांत चिकटलेल्या लाल अळ्या तेवढ्या उरल्या. वर मी त्यांना शाबासकी दिली. विचारायची कोणाची हिंमत होणार? तीस वर्षं मी कोणाला विचारू दिलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर मला माझीच भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ओढ्यात उतरलो. न धुतलेल्या दहा दगडांखाली मेफ्लायची एक्केचाळीस पिल्लं निघाली.

सुनावणीत हे सगळं मी पाटीसकट सांगितलं. दिग्विजय गोड हसला.

"मॅडम, आपला आदर आहे. पण म्हणजे आपल्या तीस वर्षांच्या कामावर आता किती विश्वास ठेवायचा?"

"तुम्ही ठेवूच नका. मीही ठेवत नाही. म्हणून तर परत मोजलं. तुम्ही कधी मोजलंत?"

"आमच्याकडे आपला अहवाल होता."

"म्हणजे ओढ्यात पाय न घालताच ओढा मेला म्हणताय. मी निदान पाय भिजवून चुकले."

सुनावणी घेणारे पालिकेचे अभियंता साहेब कंटाळले होते. "बाई, नवी मोजणीही तुमचीच, जुनीही तुमचीच. मी कुठली धरू?"

"कुठलीच धरू नका. बाहेर तुमची जीप उभी आहे. ओढा वीस मिनिटांवर आहे."

"आज स्थळपाहणी ठरलेली नाही."

"तर मी इथेच बसते. जेवणाचा डबा आणलाय, उद्याचाही आणीन. पाइप टाकायच्या आधी एक दगड तुम्ही स्वतःच्या हाताने उचलल्याशिवाय मी काही उठत नाही."

साहेबांनी घड्याळ बघितलं, मग माझा डबा बघितला. तो चार पुडांचा होता. त्यांनी जीपची किल्ली उचलली.

ओढ्यावर भाग्यश्री माझ्या फोनवरून आधीच येऊन थांबली होती. साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि उतरले. दिग्विजय काठावरच थांबला. त्याचे बूट नवे होते. साहेबांनी नारळाएवढा एक दगड उचलला, खालच्या बाजूचा चिखल पाहून तोंड वाकडं केलं आणि तो पुन्हा पाण्यात बुडवून खळबळायला निघाले.

"धुवू नका!" मी आणि भाग्यश्री एकदमच ओरडलो. मी तर सरळ त्यांचं मनगटच धरलं.

साहेब थबकले. दगड उलटा त्यांच्या तळहातावर होता. चिखलातून एक चपटं पिल्लू निघालं आणि तीन शेपट्या हलवत त्यांच्या अंगठ्याकडे सरकलं. मग दुसरं. साहेबांनी हात अजिबात हलवला नाही.

"हे एवढ्यासाठी?" काठावरून दिग्विजय म्हणाला.

"अहो, जरा गप्प बसा," साहेब म्हणाले. मान वर न करता त्यांनी मोजलं. सात होती. त्यांनी दगड होता तसा, होता तिथे परत ठेवला.

मग काठावर बसून त्यांनी पंचनामा लिहिला, 'ओढा जिवंत आढळला'. माझ्या जुन्या अहवालाची झेरॉक्स पुढे करून म्हणाले, "हे रद्द करायचं तर कारण लिहावं लागेल, बाई. तुमच्या नावानिशी फाइलला राहील. कायमचं."

मी पेन घेतलं. 'या अहवालातील दगड माझ्या धाकामुळे धुतले गेले. चूक सर्वस्वी माझी. ओढा तेव्हाही जिवंत होता.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद साहेबांना न देता आधी दिग्विजयपुढे धरला.

"घ्या," मी म्हटलं. "आता याची झेरॉक्स काढा."